एक पंगत आमची

गेल्या महिन्यात कंपनीत एक कागद वाटला. येत्या सुट्टीला आम्हा सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट घालून बसमधून एका वृद्धाश्रमात नेणार होते, आणि त्याआधी हा कागद भरून द्यायचा होता. सुट्टी आमची आणि पुण्य कंपनीला, म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. ‘तुम्ही समाजसेवा का करता?’ असा प्रश्न आणि खाली चार पर्याय. समाधान मिळतं, पुण्य मिळतं, समाजाचं ऋण फेडायचं असतं, वेळ सत्कारणी लागतो. मी चारही पर्यायांवर काट मारली आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं, ‘नुसतं घेत राहायचा वीट येतो म्हणून.’ एचआरमधली मुलगी म्हणाली, ताई, असं चालत नाही, सिस्टिममध्ये एकच पर्याय टाकता येतो. मग टाक तुला हवा तो, म्हटलं. माझं उत्तर मात्र तेच आहे, आणि ते मी एका गावाशी भांडून मिळवलंय.

गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच राहते. दिघीच्या अलीकडे आहे एवढं पुरे. आता गाव म्हणजे देवळाभोवतीची जुनी घरं, आणि त्या घरांभोवती आमच्या खोल्या. शेतं होती तिथं चार-चार मजले उभे राहिलेत. घरं गाववाल्यांची, भाडं आमचं. मी लग्न करून धाराशिवकडून इथं आले तेव्हा नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. आले त्याच वर्षी ते वर्कशॉप बंद पडलं. घरात पीठ होतं तर तेल नव्हतं, तेल आलं तर पीठ संपलेलं. नेमका त्याच वेळी गावाचा सप्ताह लागला. सात दिवस कीर्तन आणि सात दिवस पंगत. आम्ही दोघं सातही दिवस दोन्ही वेळा तिथंच जेवलो.

त्याची लाज मला तेव्हाही नव्हती. लोक वाईट नव्हते. आग्रह करकरून वाढायचे. गावातली मोठी पोरं इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, बादल्या घेऊन पळायची, आणि जेवण सुरू होण्याआधी स्पीकरवर सांगायचे की आजची पंगत अमक्या परिवाराची. ते नाव घेतलं की त्या घरातला माणूस जरा ताठ उभा राहायचा. मी आमटीत भाकरी चुरता चुरता त्याच्याकडे बघायचे. एक दिवस आमचंही नाव असं घेतलं जाईल, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, आधी जेव.

पुढे मला चाकणला काम लागलं. गाडीत जे वायरींचे जुडगे असतात ते बनवायची कंपनी. दिवसभर उभं राहून बोर्डवर वायरी ओवायच्या आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून परत. माझ्यासारख्या खूप जणी त्या खोल्यांत राहायला आल्या, कोणी बीडची, कोणी लातूरची, कोणी रत्नागिरीची. सप्ताह आला की मंडळाची माणसं दारोदार येऊन आमच्याकडून वर्गणी घेऊन जायची. ती मांडवाला आणि स्पीकरला लागायची. पंगत मात्र वेगळी. ती घरोघर ठरलेली, बापाकडून पोराकडे चालत आलेली. काही जण गाव सोडून वाकडला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेत, तरी आपल्या दिवशी पांढऱ्या गाडीतून येतात आणि वाढून जातात.

दोन वर्षांपूर्वी मी आणि खोल्यांतल्या सहा जणी मंडळाच्या बैठकीला गेलो. एका दिवसाची पंगत आम्हाला द्या म्हणून सांगितलं. शिधा आमचा, रांधायचं आम्ही, वाढायचंही आम्ही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मंडळात सगळ्यात वयानं मोठे एक आबा आहेत, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. ते म्हणाले, “पोरी, तुमाला कोन न्हाई म्हनतंय? पोटभर जेवा की. पर पंगत गावाची हाय. तुमी पाव्हनं.”

“बावीस वर्षं झाली, आबा, इथं राहायलोय,” मी म्हणाले. “एवढे दिवस पाव्हणा राहतो का कुठं?”

चार-दोन जण हसले. आबा हसले नाहीत. मंडळाचा अध्यक्ष तरुण आहे, वाढदिवसाला ज्याचे फ्लेक्स चौकात लागतात असा. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की ताई, तुम्हाला सेवाच करायची ना, मग भाज्या निवडायला या, भाकऱ्या थापायला या, भांडी घासायला या. म्हणजे आमच्या राबण्याला त्यांची ना नव्हती. आमचे हात चालत होते, आमचं देणं चालत नव्हतं. मी म्हटलं, येतो की भाकऱ्या थापायला, पण त्या दिवशी स्पीकरवर नाव आमच्या खोल्यांचं घ्या. तर तो म्हणाला, दान करावं ते निनावी करावं, नावासाठी करू नये.

मला नाव हवं होतं, मी कशाला लपवू? आणि निनावी द्यायचा उपदेश करणाऱ्याच्या आजोबांचं नाव गावाच्या कमानीवर हातभर अक्षरांत आहे. ज्यांचं नाव आधीच लागलेलं असतं त्यांनाच नावाची गरज वाटत नाही.

त्या वर्षी वर्गणी दिली आणि गप्प बसलो. पुढच्या वर्षी परत गेलो, परत तेच. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. नळावर सगळ्या जमल्या असताना मी म्हणाले, देता येत नसेल तर घ्यायचंही नाही. काल्याच्या दिवशी आपल्यातलं कोणी जेवायला जायचं नाही. आधी कोणाला पटेना. शेजारची म्हातारी म्हणाली की अन्नावर राग काढू नये, अन्न कोणाचं नसतं. नवरा म्हणाला, भरल्या ताटाला लाथ मारायलीस आणि चार घरं सोबत घेऊन मारायलीस. त्याची भीती वेगळी होती. आमचा घरमालक त्याच मंडळात होता. खोली खाली करा म्हणाला असता तर दहावीतल्या मुलीला घेऊन वर्षाच्या मध्यात जायचं कुठं? हे मलाही कळत होतं. रात्रभर विचार केला असं काही सांगणार नाही, मला झोप लागली. पण सकाळी उठले तेव्हाही राग तसाच होता.

काल्याचा दिवस. कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, आणि आम्ही सगळ्या आपापल्या खोलीत पिठलं-भाकरी करत होतो. आमच्या गॅलरीतून मांडव दिसतो. पहिली पंगत उठली, ती गावातल्यांची. दुसरी निम्मी भरली. तिसरीला सतरंज्या अंथरल्या आणि त्यावर कोणी बसलंच नाही. स्पीकरवरून पुकारलं, भाडेकरू बंधू-भगिनींनी महाप्रसादाचा लाभ घ्यावा. पुन्हा पुकारलं. पहिल्यांदा आवाज नेहमीचा होता, पाचव्या-सहाव्या वेळी त्यात विनंती आली. खालच्या मजल्यावरच्या बाईनं आपल्या पोरांना मागच्या बोळातून बुंदी खायला पाठवलं. ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मांडवात वाढपी भरल्या बादल्या घेऊन उभे होते आणि त्यांना वाढायला समोर माणूस नव्हतं. मला आनंद झाला. मग एवढ्या भाताचं काय होणार म्हणून जीव कासावीस झाला. दोन्ही एकाच वेळी होत होतं.

आधी घरमालक आला. दारातूनच म्हणाला, “खोली पायजे का न्हाई तुमाला?”

“भाडं वेळेवर देतो,” मी म्हणाले. “जेवायला यायचं करारात लिहिलंय का, दाखवा.”

नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. मालक बडबडत खाली गेला. तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. आबा स्वतः तीन मजले चढून आले होते. धाप लागली होती. आत या म्हटलं तर न येता वरच्या पायरीवरच टेकले. मी दिलेलं पाणी ते प्यायले.

“अन्न वाया चाललंय, पोरी,” ते म्हणाले. “आमच्या हातनं असं कदी झालं न्हाई. काय चुकलं आमचं?”

त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही. म्हटलं, “आबा, आज तुमच्या हातचं कुणी घेईना, तर कसं वाटायलंय? आमच्या हातचं तर तुम्ही तेवीस वर्षं घेतलं नाही.”

मालक जिन्याच्या खालच्या वळणावर उभा राहून ऐकत होता. मग आबा काठीवर जोर देऊन उठले आणि म्हणाले की बुधवारची पंगत त्यांच्या भावकीची असते, पुढच्या वर्षी ती आम्ही द्यावी. भावकीला काय सांगायचं ते ते बघतील. आता तरी चला. आम्ही दारं ओढून घेतली आणि सगळ्या जणी खाली गेलो. मी त्या दिवशी इतकी बुंदी खाल्ली की संध्याकाळी ओवा चावत बसले.

यंदाचा बुधवार आमचा होता. चाकणच्या बाजारातून कांदा आणला. लसूण सोलायला वेळ कुठला, म्हणून आठवडाभर जाता-येता कंपनीच्या बसमध्येच सोलला. ड्रायव्हर रोज ओरडायचा की बसला फोडणीचा वास येतोय. आमच्याकडच्या येसर मसाल्याची आमटी, भात, आणि गुळातली गव्हाची खीर, जिला आमच्याकडे हुग्गी म्हणतात. अध्यक्षानं स्पीकरवर ‘आजची पंगत, आपल्या भाडेकरू भगिनी’ असं म्हटलं. भाडेकरू म्हणू नका म्हणून बजावलं होतं, तरी म्हटलं. त्याच्या तोंडाला वळण लागायला अजून दोन-तीन वर्षं जातील. गावातल्या बायका हुग्गीला लापशी म्हणाल्या. आमटी तिखटजाळ झाली होती, एक जण नाक पुसत म्हणाला, राव, ही पंगत आहे का शिक्षा? मी त्याला आणखी एक वगराळं वाढलं. आबा समोरच बसले होते. माझी पाठ त्या दिवशी कशी होती कोण जाणे, पण ताठ असणार.

आमच्या शेवटच्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी बिहारकडची एक बाई राहायला आलीय. नवरा चाकणला वेल्डिंग करतो. आल्या आल्या तिच्याकडे गॅस नव्हता, तर पंधरा दिवस मीच तिला भाजी-भाकरी पाठवायचे, आणि पाठवताना मला फार बरं वाटायचं. पंगत रंगात आली असताना ती पदर खोचून माझ्याजवळ आली आणि मीही वाढू का म्हणून विचारलं. मी घाईत होते. म्हटलं, तू आता जेवायला बस गं, पुढच्या वर्षी बघू.

ती बसली नाही. तिनं माझ्या हातातल्या आमटीच्या बादलीची कडी धरली.

“दीदी, आपके घर का बहुत खाया,” ती म्हणाली. “अब छोड़िए.”

मी सोडली नाही. लाज नंतर वाटली, आधी रागच आला. एवढं भांडून, एवढ्या शिव्या खाऊन ही बादली माझ्या हातात आली होती, आणि ही काल आलेली बाई. हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. ती माझ्याकडे टक लावून बघत होती आणि तिनं कडी घट्ट धरली होती. दोघींच्या मध्ये आमटी हिंदकळून माझ्या साडीवर सांडली.

मी ते शब्द गिळले आणि कडी सोडली. ती बादली घेऊन रांगेत पुढे गेली. आबांच्या शेजारी एक जागा रिकामी होती, तिथं मी पत्रावळ पुढ्यात घेऊन बसले. फिरत फिरत ती माझ्यापर्यंत आली, तिनं मला वाढलं, आणि मी खाल्लं.