बागेतले रोडगे

अकोल्यात नदीकाठी आता जी बाग आहे, तिथे आमची घरं होती. झोपाळ्यांच्या मागे हिरवळ केली आहे, तिथे माझी चूल होती.

महापूर आला तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. शाळेच्या गच्चीवर बसून आम्ही घरं वाहून जाताना पाहिली. पाणी उतरलं तेव्हा भिंतीही नव्हत्या. माझा भाऊ वलगावहून कणीक आणि कोरड्या गोवऱ्या घेऊन आला. शिजवायला तवा नाही, गंज-पातेलं नाही. मग आम्ही बायांनी आपापल्या चुलीच्या जागेवर गोवऱ्या पेटवल्या आणि निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले. रोडग्याला भांडं लागत नाही. राख झटकून मिठाशी खाल्ले.

नंतर आम्हाला तिथून उठवलं, गावाबाहेर जागा दिली आणि घरांच्या जागी बाग केली. पण दर वर्षी पुराच्या दिवशी आम्ही बाया तिथे जातो आणि रोडगे लावतो. आधी पुष्कळ होतो. आता तिघी उरलो.

यंदा बागेच्या साहेबांनी तिथे पुराच्या आठवणीचा दगड बसवला. पाणी कुठवर आलं त्याची लाल रेघ आहे. घरं होती, असं कुठेही लिहिलेलं नाही. कार्यक्रम ठेवला, मेणबत्त्या आणल्या आणि जाळ करायला बंदी घातली. सून म्हणाली, "आई, घरूनच डबा करून नेऊ." डबा खायला मला बागेत कशाला जायचं?

गोवऱ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून नेल्या. पेटवल्या तसा चौकीदार बादली घेऊन धावत आला.

"मावशी, इजवा. साहेबाचा हुकूम हाये."

"त्या मेणबत्त्या काय थंड जळतात?"

"त्या मेलेल्यांसाठी हायेत."

"हे जिते रायलेल्यांसाठी हाये. आमाले भूक लागते."

त्याने बादली उचलली. "मी पानी टाकतो मंग."

सोबतच्या दोघी मागे सरकल्या. मी सरकले नाही. गुडघे दुखतात, एकदा बसले की लवकर उठता येत नाही, हेही खरं.

"टाक," मी म्हटलं. "या जाग्यावरची माही चूल एकदा पान्यानं नेली. आता तू ने."

बादली त्याच्या हातात तशीच राहिली. दगडापाशी भाषण चाललं होतं, तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग बादली जास्वंदीच्या बुडाशी ओतली.

"तुमचं तोंड लय वाईट हाये, मावशी."

"पोट त्याच्याहून वाईट हाये. सरक, वारा येऊ दे."

रोडगे भाजायला वेळ लागतो. भाषणं संपली, मेणबत्त्या पावसाने विझल्या, माणसं छत्र्या उघडून गेली. आम्ही निखाऱ्यावर ताट आडवं धरून बसलो. दोन रोडगे आतून कच्चे राहिले, तेही खाल्ले.

हिरवळ तेवढी जळली. साहेबांनी तिथे दोनदा नवं गवत लावलं म्हणे. लावू देत. पुढच्या वर्षी मी पुन्हा तिथेच पेटवणार आहे. दुसरीकडे माझी चूल नव्हती.