भिंत बघायला वर

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडून मला घर मोकळं करायचं होतं. गवंडी यशवंतमामांनी भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाले, "हिच्या डोक्यावर काय आहे ते वर जाऊन बघू."

वर सुशीलाकाकू राहतात. त्यांच्या खलबत्त्याच्या ठोक्यांवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. तरी मामांना घेऊन गेले. माझ्या भिंतीच्या बरोबर वर त्यांची भिंत, तिच्या आधारानं माळा, माळ्यावर पितळी डबे आणि त्याच्याही वर गच्चीतली पाण्याची टाकी.

"ही पाडता यायची नाही, ताई," मामा म्हणाले.

"पाडणार होतीस होय?" काकू म्हणाल्या. "आधी सांगायचंस, डबे तरी उतरवून ठेवले असते."

आपल्या घरातली कुठली भिंत कशासाठी उभी आहे, हे आपल्या घरात बसून कळत नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगते.

खाली येऊन चहा ठेवला, तेवढ्यात ठोके सुरू झाले. एरवी मी रागानं छताकडे बघते. आज भिंतीला तळहात लावला. एकेक ठोका तिच्यातून खाली जमिनीकडे जात होता, आणि भिंतीची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.