क्रेऊसा नावाच्या तिघी

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये एकाच नावाच्या आम्ही तिघी होतो. तिघी मराठी, तिघी तिशीच्या आसपास. फोनवर घोळ व्हायला लागला तेव्हा लोकांनीच त्यावर तोड काढली. एक बँकवाल्याची, एक औषध कंपनीवाल्याची आणि मी टेलिकॉमवाल्याची. माझ्या नवऱ्याचा टेलिकॉममधला जॉब गेला, इन्शुरन्स कंपनीत दुसरा लागला, तरी मी टेलिकॉमवाल्याचीच राहिले. मला ते खटकायचं. नागपूरला मी कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि तिथे मला माझ्याच नावाने ओळखत.

डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं. म्हणून २००४ साली मी कम्युनिटी कॉलेजात ग्रीक पुराणकथांचा शनिवारचा कोर्स घेतला. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने पुराणातल्या एका व्यक्तीवर वर्गात बोलायचं होतं. विषय शोधायला लायब्ररीत जाडजूड कोश चाळत बसले, तेव्हा क्रेऊसा सापडली. एक नव्हे, बऱ्याच. प्रत्येकीपुढे आकडा, आणि आकड्यापुढे अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. मला हसूच फुटलं.

त्यातल्या तिघी मी निवडल्या. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘एकीवरच बोल. तिघी घेतल्यास तर वर्ग गोंधळेल.’’

‘‘मी गोंधळू देणार नाही,’’ मी म्हणाले. माझं इंग्रजी बेताचं होतं, पण वर्ग कसा धरून ठेवायचा हे मला पक्कं ठाऊक होतं.

भाषणाच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या दोन्ही नावबहिणी माझ्या किचनमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणासाठी, भरली वांगी करायची होती. वांगी चिरता चिरता मी त्यांना माझं भाषण मराठीत ऐकवलं.

पहिली क्रेऊसा कोरिंथची राजकन्या. लग्नाची भेट म्हणून आलेला झगा तिने हौसेने अंगावर चढवला. नवऱ्याच्या आधीच्या बायकोने त्यात विष भिनवलं होतं. ती जळून मेली.

दुसरी ट्रॉयची. शहर पेटलं तेव्हा नवऱ्याने म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेतलं, मुलाचा हात धरला आणि हिला सांगितलं, तू मागून ये. बाहेर पोचल्यावर त्याने वळून पाहिलं, तर ही नाही.

‘‘म्हणजे वाटेत एकदाही मागे बघितलं नाही?’’ बँकवाल्याची भडकली. पुण्याची होती ती, मनात काही ठेवायची नाही. ‘‘कमाल आहे यार! नंतर शोधायला तरी गेला की नाही?’’

‘‘गेला. पण तोवर तिची फक्त सावली उरली होती.’’

तिसरी अथेन्सची. तिच्यावर एका देवाने जबरदस्ती केली. लोकांच्या भीतीने तिने बाळाला गुहेत ठेवलं आणि परत गेली. बाळ मेलं असंच ती धरून चालली. ते मात्र दूरच्या एका देवळात वाढलं. पुढे ती त्याच देवळात आली, मुलगा समोर उभा, पण दोघांनाही ओळख पटेना. गैरसमजातून वैर इतकं वाढलं की एकमेकांच्या जिवावर उठले. शेवटी ज्या टोपलीत बाळ ठेवलं होतं ती टोपली तिने ओळखली.

औषध कंपनीवाल्याची वांगी चिरायची थांबली होती. ती स्वतः फार्मासिस्ट. इथल्या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास होईना, म्हणून तिने इथेच जन्मलेला मुलगा सासूबाईंबरोबर सांगलीला पाठवला होता. सात महिन्यांचा असताना गेला, आता अडीच वर्षांचा झाला होता. परीक्षा लांबत गेली आणि मुलगा तिथेच राहिला.

‘‘परवा फोनवर मला काकू म्हणाला,’’ ती म्हणाली.

तिने हातातली सुरी ओट्यावर ठेवली.

‘‘मी त्याला आणते. परीक्षा होवो न होवो.’’

‘‘आण,’’ मी म्हणाले. ‘‘अभ्यासाला बसशील तेव्हा तो माझ्याकडे. मी घरीच असते.’’

‘‘आणि वीकेंडला माझ्याकडे,’’ पुण्याची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात बोलले. फळ्यावर एकाच नावाखाली तीन शहरं लिहिली आणि बापाचं, नवऱ्याचं नाव न घेता प्रत्येकीवर काय गुदरलं ते सांगितलं. कुणीही गोंधळलं नाही. मागच्या बाकावरच्या ट्रक चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘ती टोपली सापडली नसती तर?’’ त्यावर वर्ग इतका वेळ भांडत बसला की बाईंनाच घड्याळ दाखवावं लागलं.

उन्हाळ्यात औषध कंपनीवाल्याची सांगलीला गेली. पहिला आठवडा मुलगा आजीच्या पदराआडून बाहेर येईना. तिने घाई केली नाही. त्याच्या शेजारी बसून चिखलाचे बैल केले, त्याला खिमट भरवलं, आजीला बरोबर घेऊन बाजारात नेलं. परतताना सासूबाईच म्हणाल्या, ‘‘ने गं. आईजवळ वाढू दे.’’

विमानतळावर घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. तो तिच्या खांद्यावरून आमच्याकडे टकमक बघत होता. तिने आमची नावं सांगितली. तो तिच्याकडे वळून म्हणाला, ‘‘पण ते तर तुझं नाव!’’ आम्ही तिघी तिथेच खो खो हसत सुटलो.

पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली. त्या दिवशी मुलगा माझ्याकडे होता. वरणभात खाऊन सोफ्यावर झोपून गेला. ती दाराशी आली तेव्हा तिने पेपर कसा गेला ते सांगितलंच नाही, आधी त्याला उचललं. पुढे निकाल लागला. पास झाली.