मुलाखतीतला तिसरा कीबोर्ड

कोराडी रस्त्यावरच्या एका कॉलेजात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायच्या नोकरीसाठी गेलो आणि मुलाखत समितीच्या अध्यक्षांसमोर चालवलेला माझाच प्रोग्राम मधेच आडवा झाला. त्यानं नाव विचारलं, मी टाइप केलं. वय विचारलं, आणि मी बोट लावायच्या आत पडद्यावर लाल अक्षरं. म्हणे, वाचायला ओळच सापडत नाही.

खाजगी क्लासांत तासांवर राबून केस पिकलेले. पक्की नोकरी आता हुकली तर या वयात पुन्हा कोण बोलावणार?

"कीबोर्ड गेला दिसते," अध्यक्ष म्हणाले. हे गृहस्थ संगणक विभागाचे प्रमुख! नाव त्याच कीबोर्डवर टाइप झालेलं त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. ते शिपायावर ओरडले, "दुसरा आण ना गा! सरायले काहून त्रास देऊन राहिला?"

दुसरा आला. पुन्हा तेच.

"हाही गेला!" आवाजात विजय.

तोवर मला उमगलं होतं. नाव वाचायला मी स्कॅनर, म्हणजे कीबोर्डवर टाइप केलेलं वाचून घेणारा जावातला भाग, उघडला आणि काम होताच शिस्तीत बंद केला. घरातही मी असाच, आत कोणी आंघोळ करत असलं तरी गीझर बंद करणारा. पण स्कॅनर बंद केला की त्याच्यामागचा, कीबोर्डकडून येणारा प्रवाहही मिटतो आणि प्रोग्राम संपेपर्यंत परत उघडत नाही. वयासाठी केलेल्या नव्या स्कॅनरला वाचायला काही उरलंच नव्हतं. आपण उघडलेली फाइल आपण बंद करावी. हा प्रवाह आपण उघडलेलाच नसतो. दर बॅचला हे मी बोट नाचवून सांगतो.

तिथे सांगितलं नाही. तिसरा कीबोर्ड येईपर्यंत स्कॅनर बंद करायची ती ओळ दुसऱ्यावरूनच गुपचूप खोडली. तिसऱ्यावर प्रोग्राम पुन्हा चालवला, वय टाइप झालं.

"पाहा! मी काय म्हटलं होतं?" अध्यक्षांनी कीबोर्डच्या पाठीवर थाप मारली. असल्या माणसाच्या हाताखाली राबायचं, या विचारानं मला किळस आली. स्वतःची जास्त आली, कारण मी मान डोलवत म्हणत होतो, "हो सर, कीबोर्डच."

"सोमवारपासून या."

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, अध्यक्षांच्या नकलेसकट. ती पोळी लाटत राहिली. हसली नाही.

"म्हणजे त्याले येत नाही, अन् तुम्हाले येते तर तुम्ही बोलत नाही. मग पोरायले शिकवणार कोण जी?"