एक अंगठा, सात ओटे

ते प्रकरण आजही माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत सापळे बरेच लावले, लाच घेणारे रंगेहाथ पकडले, पंचनामे केले, दोषारोपपत्रं दाखल केली आणि विसरूनही गेलो. हे प्रकरण कागदावर मिटलं, माझ्यापुरतं मिटलं नाही. त्यात गुन्हेगार नेमका कोण, हे मला अजून धड सांगता येत नाही.

अंधेरी पश्चिमेला, खाडीजवळच्या एका कोळीवाड्याला लागून मासळी बाजार आहे. तिथे कोळणी सिमेंटच्या ओट्यांवर बसून मासळी विकतात. पूर्वी या ओट्यांचे परवाने म्हणजे दलालांचं कुरण होतं. कागदावर नाव कोळणीचं, ओट्यावर बसणारा भलताच. नूतनीकरणाला चहापाणी, वारसाचं नाव चढवायला चहापाणी. मग बाजार कार्यालयात अंगठ्याचं मशीन आलं. जिचा परवाना तिनं रोज सकाळी दारात अंगठा लावायचा. तो लागला नाही तर परवाना बाद, आणि ओटा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. दलालांचा धंदा पार बसला. लाचलुचपतीच्या आमच्या विभागात त्या बाजाराच्या तक्रारी यायच्या थांबल्या. मी तर मशीनवर बेहद्द खूश होतो.

अशात एका दुपारी फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, की एक बाई सात ओटे गिळून बसलीय, कारकून तिच्या खिशात आहे, मशीन तपासा. तपासलं तर खरंच! सात परवान्यांवर सात बायकांची नावं, सात फोटो आणि अंगठा मात्र एकच. आमचे हवालदार म्हणाले, मोठा मासा गावला. मलाही तसंच वाटलं.

आधी कारकुनाला बोलावला. बिचारा घामानं भिजला होता. त्याचं म्हणणं, वरून रोज विचारणा व्हायची की नोंदणी अडली का. काही बायकांचा अंगठा मशीन घेतच नव्हतं. शेवटी वैतागून तो त्यांना म्हणाला, घरातल्या कुणाचा उठत असेल त्याचा लावा, पण मला मोकळं करा. पैसे घेतले का, हे मी त्याला उलटसुलट करून विचारलं. त्याच्या घराची झडती झाली, बँकेतून माहिती मागवली. हाती काही लागलं नाही. माझं डोकं फिरायला लागलं. लाच नाही तर मग हे केलं कशासाठी?

मग ती बाई आली. बाई कसली, तिशीच्या आतली मुलगी, बालवाडीत शिकवणारी. सोबत सासू आणि बाकीच्या सहा कोळणी. मला वाटलं होतं ती कानांवर हात ठेवेल.

"अंगठा माझाच आहे, साहेब," ती म्हणाली. "रोज सकाळी सात वेळा लावते, मग बालवाडीत जाते."

बदल्यात काय मिळतं असं विचारलं, तर तिला प्रश्नच कळला नाही. ती सासूकडे बघायला लागली. दुसऱ्याच्या नावानं अंगठा लावणं हा गुन्हा आहे, असं मी जरा आवाज चढवून सांगितलं. तेव्हा सासू बाकावरून उठली.

"गुन्हा कसला, साहेब? मी लग्नाला गेले तर माझी पाटी शेजारीण विकते. ती आजारी पडली तर तिचं म्हावरं मी विकते. एकमेकींचं बघायला लागतं ना? हिनं आमचं बघितलं."

मी हवालदारांना शाईची पाटी आणायला सांगितली आणि सातही जणींचे ठसे घ्यायला लावले. कागदावर नुसते काळे डाग उठले. अंगठा नीट दाबा म्हणून हवालदार खेकसले, पुन्हा घेतले, पुन्हा डागच. मी सासूचा अंगठा हातात धरून पाहिला. बर्फ, मीठ आणि खवल्यांनी आयुष्यभरात त्यावरची रेघ न् रेघ पुसून टाकली होती. सुनेनं कधी कोयती धरली नव्हती, म्हणून तेवढा तिचाच उठत होता.

फोन करणाराही सापडला. तो जुना दलाल निघाला. प्रतीक्षा यादीत वरची नावं त्याच्याच माणसांची होती. सात परवाने बाद झाले की सात ओटे आयते त्याच्या घशात. म्हणजे खबर खरी, खबर देणारा लबाड. कायदा मोडणारी मुलगी सरळ. आणि मशीननं सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर. मी कपाळाला हात लावून बसलो. जाताना त्या मुलीनं एवढंच विचारलं, "आईंचा ओटा राहील ना, साहेब?"

राहील, असं मी म्हणालो. वरिष्ठांना अहवाल दिला, की लाच नाही, कुणाचा आर्थिक लाभ नाही, बायकांची ओळख दुसऱ्या पद्धतीनं पटवावी. ते मान्य झालं. बाजाराच्या दारात चेहरा ओळखणारा कॅमेरा आला, सहा जणी आपापल्या ओट्यावर बसल्या. दलाल हात चोळत राहिला. पण सासू मध्येच वारली. सुनेनं बालवाडी सोडली आणि वारस म्हणून अर्ज केला. वारसाच्या नोंदीला अजून अंगठाच लागतो. आणि अनेक नावांवर वापरलेला तिचा अंगठा प्रणालीनं संशयास्पद म्हणून कायमचा बंद केला होता.

तोवर मी निवृत्त झालो होतो. तरी बाजार कार्यालयात गेलो. नवा कारकून सज्जन होता, त्यानं मला खुर्ची दिली, संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला. म्हणाला, "माझी इच्छा आहे हो साहेब, पण सिस्टिम घेतच नाही. वर लिहिलंय, तिथूनही हेच उत्तर येतं." मशीनच्या आधीच्या काळातला एखादा लाचखाऊ कारकून असता तर चहापाणी घेऊन त्यानं हे काम उभ्या उभ्या केलं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. असल्या माणसांना पकडण्यात माझी हयात गेली! मला माझाच राग आला. पण विचार आला तो आलाच.

पोलिसाला सवय असते, की घडलेल्या गोष्टीत एक आरोपी असतोच, नीट शोधला की सापडतो. या प्रकरणानं ती सवय मोडली. मशीन नको, असं मी आजही म्हणणार नाही. ते गेलं तर दलाल दुसऱ्या दिवशी परत येतील. पण मशीनचं चुकलं तर दाद मागायला समोर एक माणूस हवा, आणि त्याच्या हातात काहीतरी हवं. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

मध्यंतरी त्या बाजारात गेलो होतो. सातवा ओटा रिकामा, धुऊन स्वच्छ ठेवलेला. बाकीच्या सहाही जणींकडे मात्र आपल्या पाटीशेजारी एक वेगळी लहान पाटी होती. ही कोणाची, असं एकीला विचारलं. तिनं मला ओळखलं असावं. ती म्हणाली, "तिचीच. दुसऱ्या कोणाची असणार?"

परवाना नसलेल्या बाईचा माल सहा परवान्यांवर विकला जात होता. नियमानं हाही गुन्हाच. मी त्या लहान पाटीतलं पापलेट मागितलं, कापून घेतलं आणि घरी आलो.