डाळिंबांवरची फीत

कॅसेटमधली फीत मी ओढून काढली तेव्हा माझी लेक सुमन ओरडलीसुद्धा नाही. "अभ्यास सोडून हे ऐकतेस? वर्षभरात या गाण्यांना कुत्रं विचारणार नाही," मी म्हणाले, आणि ती फीत पाखरं उडवायला डाळिंबांवर बांधली. रोज तिच्या डोळ्यांसमोर चमकायची.

काल सुमन आणि नात आल्या होत्या. नातीच्या मोबाइलवर त्याच कॅसेटमधलं एक गाणं लागलं. गाणारा आता म्हातारा झालाय, गाणं मात्र कोरं करकरीत.

"आजी, पाय हलतोय तुझा!"

हलत होता. सुमन उठून आत गेली. पूर्वी ती गुणगुणत भाकरी थापायची. गाणं माझ्या रागाला पुरून उरलं, लेकीचं गुणगुणणं उरलं नाही. फीत ओढली त्या दिवशी घरात दोष द्यायला तिसरं कुणी नव्हतं. ती होती आणि मी होते.