सावळ्या गालांची आग

माझ्या मोठ्या बहिणीचे गाल वर्षभर जळत होते. ती बेला गावच्या शाळेत शिक्षिका होती. रंग सावळा असल्याने लाली कुणाला दिसत नसे, बारीक पुटकुळ्या तेवढ्या दिसत. "बाई, गोरं व्हाची क्रीम लावून राह्यल्या का?" सहकारी विचारत. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने आग काही दिवस शमे, मग दुप्पट होई.

शेवटी मी तिला आदिलाबादला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. आजाराला रोझेशिया म्हणतात, हे तिथे पहिल्यांदा कळले. ट्यूबमधल्या स्टेरॉइडने तो वाढला होता. मूळ कारण नक्की माहीत नाही, पण ऊन, चुलीची धग, गरम चहा यांनी चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात, असे डॉक्टर म्हणाले. जेल आणि गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही.

आता चुलीपुढे बसायचे नाही, असे बहिणीने घरी येताच आईला सांगितले.

"काऊन? थोबाडावर तं काईच दिसून नाई राह्यलं."

बहिणीने आईचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. आईने तो दचकून मागे घेतला.

"ताप हाय तुले," ती म्हणाली. "गोळी खाय, मंग भाकरी टाक."